तंतुवाद्यांचा ताफा आणि जॅझचा छोटा चमू : मुंबईच्या ध्वनिमुद्रण-इतिहासातील एक अनुल्लेखित धागा

प्रास्ताविक

महाराष्ट्राच्या संगीतेतिहासाचे लेखन प्रामुख्याने अभिजात संगीतातील घराणी, नाट्यसंगीत आणि लोकसंगीत या प्रवाहांभोवती झालेले आहे. चित्रपटसंगीतावरही मराठीत विपुल लिहिले गेले; परंतु ते बहुतांशी गायक, संगीतकार व गीतकार यांच्या आठवणींच्या स्वरूपाचे आहे. ज्या वादकांनी ही गाणी प्रत्यक्ष वाजविली आणि ज्या संयोजकांनी ती कागदावर उतरविली, त्यांचा विचार या लेखनात तळटीपेपुरताच येतो. प्रस्तुत लेखात अशाच एका वर्गाचा, म्हणजे मुंबईतील गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा, एका मर्यादित प्रश्नाच्या अनुषंगाने विचार करावयाचा आहे.

तो प्रश्न असा. चार-पाच वादकांचा जॅझ चमू आणि त्याच्या पाठीशी व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांचा ताफा अशी रचना असलेली ध्वनिमुद्रिका हा अमेरिकेत १९५० च्या दशकात एक प्रस्थापित प्रकार बनला होता. त्याच काळात मुंबईत उत्तम जॅझवादक होते आणि आशिया खंडात क्वचितच आढळेल एवढा मोठा, रोज काम करणारा तंतुवाद्यांचा ताफाही होता. एवढेच नव्हे, तर या दोन्ही गटांतील माणसे पुष्कळदा एकच होती. असे असताना त्यांच्या स्वतःच्या नावाने तशी ध्वनिमुद्रिका मुंबईच्या संगीतजीवनात रुजली नाही. १९६८ साली जी गाजलेली जॅझ ध्वनिमुद्रिका निघाली, ती तंतुवाद्यांच्या विराट वापरासाठी प्रसिद्ध असलेल्या संगीतकारांच्या नावावर निघाली. आणि तिच्यात तंतुवाद्यांचा ताफाच नव्हता. हा विरोधाभास कसा घडला?

नालवाडीसारख्या ठिकाणी बसून या विषयावर लिहिणे काहींना विसंगत वाटेल. नालवाडीचे नाव इतिहासात नोंदले गेले ते विनोबांच्या वास्तव्यामुळे व ग्रामोद्योगाच्या प्रयोगांमुळे. वर्धा परिसराच्या संगीतस्मृतीत आश्रम भजनावली आहे, सायंप्रार्थना आहे, सॅक्सोफोन नाही. तथापि इतिहासातील धागे अशा सीमा पाळत नाहीत. ट्रम्पेटवादक फ्रँक फर्नांड यांची १९४६ सालची एक आठवण नरेश फर्नांडिस यांच्या लेखनात येते. गांधीजी त्या वेळी मसुरीस होते. तेथे त्यांच्या सान्निध्यात आल्यानंतर आपण जॅझ वाजवायचाच, पण तो भारतीय वळणाने वाजवायचा, असा विचार आपल्या मनात रुजल्याचे हॉटेलात वाजविणाऱ्या या वादकाने सांगितले होते. स्वदेशीचा विचार चरख्यापासून ट्रम्पेटपर्यंत कसा पोहोचला, याचे हे उदाहरण गांधीविचाराच्या अभ्यासकांनीही ध्यानात घेण्याजोगे आहे.

एकोणीसशे एकोणपन्नास

या विषयाच्या दृष्टीने १९४९ हे वर्ष महत्त्वाचे ठरते. ३० नोव्हेंबर १९४९ रोजी न्यूयॉर्कमध्ये अल्टो सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर याने निर्माता नॉर्मन ग्रान्झ याच्यासाठी एक ध्वनिमुद्रण केले. पियानो, बास आणि ड्रम यांच्या जोडीला तीन व्हायोलिन, एक व्हिओला, एक चेलो, हार्प आणि ओबो अशी वाद्ये त्यात होती. काही जॅझ समीक्षकांनी हा बाजारू प्रकार म्हणून त्याची हेटाळणी केली; खुद्द पार्करला मात्र या ध्वनिमुद्रणाचा अभिमान होता. पुढे १९५५ मध्ये ट्रम्पेटवादक क्लिफर्ड ब्राऊन याने, आणि १९६१ मध्ये ‘फोकस’ या ध्वनिमुद्रिकेत स्टॅन गेट्झ याने हा प्रकार निरनिराळ्या दिशांनी पुढे नेला. यांपैकी ‘फोकस’मध्ये एडी सॉटर याने तंतुवाद्यांचे संपूर्ण लेखन केले, पण सॅक्सोफोनसाठी काहीही लिहून ठेवले नाही. गेट्झने त्या लिखित संगीतावर आपली वाट स्वयंस्फूर्तीने काढली. लिखित आणि अलिखित यांचे हे सहजीवन हाच या प्रकाराचा गाभा होय.

त्याच १९४९ साली मुंबईत ‘बरसात’ प्रदर्शित झाला. शंकर-जयकिशन यांचा हा पहिला चित्रपट. त्यातील गाण्यांचा वाद्यवृंद तत्पूर्वीच्या गाण्यांच्या तुलनेत भरघोस होता आणि त्यात व्हायोलिनना प्रमुख स्थान होते. हिंदी चित्रपटगीताचा ‘ताफा’ पुढे जो वाढत गेला, त्याची एक महत्त्वाची पायरी म्हणजे हा चित्रपट.

आणि तिसरी घटना कायद्याच्या क्षेत्रातील. मुंबई दारूबंदी अधिनियम १९४९ सालचा. १९५० पासून प्रांतात संपूर्ण दारूबंदी अमलात आली. संगीताच्या इतिहासात या कायद्याचा उल्लेख सहसा होत नाही, पण तो अवश्य व्हावयास हवा. हॉटेलातील बँड मद्य, भोजन व नृत्य यांच्या एकत्रित उत्पन्नावर चालत असे. त्यांपैकी एक आधार गेला. शिवाय इंग्रज अधिकारी व संस्थानिक हा ग्राहकवर्गही स्वातंत्र्यानंतर झपाट्याने पांगला होता. वादकांना पोट भरण्यासाठी दुसरे ठिकाण शोधणे भाग पडले. ते ठिकाण म्हणजे चित्रपटांचे ध्वनिमुद्रणगृह. न्यूयॉर्कमध्ये जॅझवादकाने तंतुवाद्यांना आपल्याकडे बोलावले. मुंबईत जॅझवादकालाच तंतुवाद्यांच्या रांगेत जाऊन बसावे लागले.

चर्चमधील व्हायोलिन आणि हॉटेलातील ट्रम्पेट

हे स्थलांतर एवढे सुलभ कसे झाले, हे समजण्यासाठी गोव्याकडे वळावे लागते. पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात चर्चशी संलग्न शाळांमधून मुलांना पाश्चात्त्य स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकविले जाई. ‘मेस्त्रे’ या नावाने ओळखला जाणारा शिक्षक गायकवृंद बसवी आणि सणांच्या उपासनेसाठी वाद्यमेळ उभा करी. या पद्धतीतून तयार झालेला मुलगा वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी कोणताही लिखित कागद पुढे ठेवला तरी वाजवू शके. गोव्यात या कौशल्याला रोजगार मात्र नव्हता. त्यामुळे हे तरुण मुंबईस येत, धोबी तलाव परिसरातील आपापल्या गावच्या ‘कुडां’मध्ये उतरत आणि पोलीस बँड, मूकपटांची थिएटरे, संस्थानिकांचे दरबारी बँड, जहाजे व हॉटेले येथे काम शोधत.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी या आफ्रिकी-अमेरिकी व्हायोलिनवादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात दाखल झाला. पाठोपाठ क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफोर्ड हे वादक आले. वर्णभेदाने गांजलेल्या या कलावंतांना मुंबईत जो मान मिळाला तो त्यांच्या मायदेशात दुर्मिळ होता. त्यांच्या सहवासात गोमंतकीय वादकांना जॅझचे प्रत्यक्ष शिक्षण मिळाले. कागदावर न लिहिता येणारी लय, सुरांचे वाकवणे, दिलेल्या कॉर्डवर आयत्या वेळी रचना करणे या गोष्टी चर्चच्या शाळेत शिकविल्या जात नव्हत्या. चर्चची शिस्त आणि जॅझचे स्वातंत्र्य हे दोन्ही संस्कार एकाच माणसाच्या ठायी एकवटण्याची ही घटना संगीतेतिहासात विरळाच म्हणावी लागेल. आल्दोना गावचे अँतोनियो झेवियर वाझ मुंबईत ‘चिक चॉकलेट’ झाले आणि लुई आर्मस्ट्राँगशी त्यांची तुलना होऊ लागली.

चिक चॉकलेट यांचे सहकार्य ज्यांना लाभले ते सी. रामचंद्र, अर्थात रामचंद्र नरहर चितळकर, हे पुणतांब्याचे मराठी संगीतकार. गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेला हा माणूस ‘शहनाई’ (१९४७), ‘समाधी’ (१९५०), ‘अलबेला’ (१९५१) आणि ‘आशा’ (१९५७) या चित्रपटांतून जॅझ व लॅटिन अमेरिकी लयी गावोगाव पोहोचवितो, आणि तोच ‘अनारकली’ (१९५३) मध्ये रागाधारित माधुर्याची परिसीमा गाठतो. ‘अलबेला’मध्ये चिक चॉकलेट व त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. मराठी वाचकाला सी. रामचंद्रांविषयी पुष्कळ ठाऊक आहे. ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे त्यांचे आत्मचरित्रही परिचित आहे. पण त्यांच्या लयीमागे उभ्या असलेल्या आल्दोन्याच्या ट्रम्पेटवादकाचे नाव किती जणांस सांगता येईल?

कागद, रात्र आणि साडेतीन मिनिटे

ध्वनिमुद्रणगृहातील कार्यपद्धती हा या विषयाचा सर्वांत समृद्ध आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. ग्रेगरी बूथ यांच्या ‘बिहाइंड द कर्टन’ (२००८) या ग्रंथाने वादकांच्या मुलाखतींच्या आधारे तो प्रथमच सविस्तर मांडला. ही पद्धती थोडक्यात अशी होती. संगीतकार पेटीवर चाल बसवी. साहाय्यक ती टिपून घेई. नंतर संयोजक, ज्याला या व्यवसायात सर्रास ‘अरेंजर’ म्हटले जाई, तो गाण्याची सुरुवातीची सुरावट, दोन अंतऱ्यांमधील संगीत, गायकाच्या ओळीमागून वाहणारी काउंटर मेलडी आणि कॉर्डची मांडणी लिहून काढी. त्यावरून प्रत्येक वादकासाठी स्वतंत्र कागद तयार होई. हे बहुधा एका रात्रीचे काम असे. सकाळी महालक्ष्मीच्या फेमस किंवा वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत तीस, पन्नास, कधी त्याहून अधिक वादक जमत, कागद पुढे ठेवून दोन-चार तालमी करीत आणि मुद्रण होई. ध्वनी एकाच पट्टीवर जात असल्याने एकाची चूक म्हणजे सर्वांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची मर्यादा साडेतीन मिनिटांच्या आसपास असल्यामुळे सर्व काही तेवढ्यात बसवावे लागे.

या यंत्रणेचा कणा म्हणजे स्टाफ नोटेशन होय. येथे एका सूक्ष्म मुद्द्याकडे लक्ष वेधावेसे वाटते. पंडित भातखंडे व पंडित पलुस्कर यांच्या स्वरलिपींचे महाराष्ट्राच्या सांस्कृतिक इतिहासातील स्थान निर्विवाद आहे. परंतु या लिपी एका वेळी एकच सुरावट टिपण्यासाठी घडविल्या गेल्या होत्या. बंदिशींचे जतन व अध्यापन हे त्यांचे प्रयोजन होते. पन्नास माणसांनी एकाच क्षणी पन्नास नव्हे तरी सात-आठ निरनिराळ्या सुरावटी वाजवाव्यात, यासाठी त्या सोयीच्या नव्हत्या. उभ्या रेषेत एकाच क्षणी काय काय वाजत आहे हे दाखविणारी लिपी चर्चच्या शाळेतून आली. ती गोमंतकीयांपुरतीच राहिली असेही नाही. ट्रम्पेटवादक पंडित रामप्रसाद शर्मा यांनी ती आत्मसात केली व अनेकांना शिकविली. त्यांचे पुत्र प्यारेलाल हे पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील एक झाले. दुसरीकडे सुधीर फडके यांच्या वाद्यवृंदातील ज्येष्ठ व्हायोलिनवादक प्रभाकर जोग (१९३२-२०२१) यांच्यासारखे कलावंत भारतीय स्वरलिपीच्या बळावर मराठी भावगीताच्या छोट्या वाद्यमेळात अप्रतिम काम करीत होते. लिपीची निवड ही आवडीनिवडीची बाब नव्हती. वाद्यवृंदाच्या आकाराने ती ठरविली होती.

संयोजकांमध्ये सर्वांत प्रभावी नाव सेबास्टियन डिसूझा यांचे. फाळणीपूर्वी ते लाहोरच्या हॉटेलात बँड चालवीत. (पलुस्करांनी १९०१ मध्ये गांधर्व महाविद्यालय स्थापन केले ते याच लाहोरात. एकाच शहराने आपल्याला संगीतशिक्षणाची चळवळ आणि चित्रपटगीताची हार्मनी अशा दोन्ही गोष्टी द्याव्यात, हा योगायोग मोठा मनोरंजक आहे.) फाळणीने त्यांना मुंबईस आणले. काही काळ ओ. पी. नय्यर यांच्याकडे काम केल्यावर १९५२ च्या सुमारास ते शंकर-जयकिशन यांच्याकडे आले आणि १९७५ पर्यंत तेथे राहिले. तालवाद्यांची बाजू दत्ताराम वाडकर सांभाळीत आणि सुरावटींची बाजू सेबास्टियन. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यात गायकाची ओळ संपण्यापूर्वीच व्हायोलिनचा ताफा मागून उचल घेतो आणि गायकाने सोडलेली जागा भरून काढतो, ही ओळखखूण सेबास्टियन यांच्या लेखणीची होय.

आता पार्करच्या ध्वनिमुद्रणाशी याची तुलना करून पाहू. तेथे तंतुवाद्ये लिखित होती आणि पुढे असलेला सॅक्सोफोन स्वतंत्र. मुंबईच्या गाण्यात तंतुवाद्ये लिखित होती, पण पुढे असलेला गायकही ठरलेल्या चालीने बांधलेला. जॅझवादकाच्या वाट्याला स्वातंत्र्य आले ते फक्त ओळींच्या मधल्या फटीत. दोन मात्रा, चार मात्रा, फार तर एखादा लहान तुकडा. रचनेच्या दृष्टीने पाहता हिंदी चित्रपटगीत हेच ‘तंतुवाद्यांसह छोटा चमू’ या प्रकाराचे मुंबई रूप होते, असे प्रतिपादन करता येईल. मात्र त्यातील एकल वादकाची जागा पार्श्वगायकाने घेतली होती. वादक संख्येने वाढले आणि नावाने नाहीसे झाले. तबकडीवर चित्रपट, गायक, गीतकार व संगीतकार एवढीच नावे येत. संयोजकाचे नाव क्वचित चित्रपटाच्या श्रेयनामावलीत साहाय्यकांच्या यादीत दिसे. वादकांचे तर तेथेही नाही.

शासनाची दृष्टीही या संगीतास अनुकूल नव्हती. १९५२ ते १९६२ या काळात माहिती व नभोवाणी मंत्री असलेले डॉ. बा. वि. केसकर यांना पाश्चात्त्य वळणाचा चित्रपटगीतांचा वाद्यमेळ हा अभिरुचीचा ऱ्हास वाटे. आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू करून शासनाने एक प्रकारे माघार घेतली. केसकरांच्याच काळात आकाशवाणीचा ‘वाद्यवृंद’ रविशंकर यांच्या नेतृत्वाखाली आकारास आला, हे विसरता कामा नये. म्हणजे मोठा वाद्यमेळ शासनास वर्ज्य नव्हता. त्याचे मूळ कोणत्या अंगणात आहे, हा प्रश्न होता. विदर्भातील खेड्यापाड्यांत ज्यांनी आयुष्यात चेलो पाहिला नव्हता, त्यांनी त्याचा आवाज ऐकला तो मात्र कोलंबोहून.

सेंट झेवियर्सचे प्रांगण, १९५८

या पार्श्वभूमीवर अँथनी गोन्साल्विस यांच्या प्रयत्नाचे महत्त्व उठून दिसते. माजोर्डा येथे १९२७ मध्ये जन्मलेले गोन्साल्विस १९४३ मध्ये मुंबईस आले, नौशाद यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले आणि लवकरच उत्तम व्हायोलिनवादक, संयोजक व शिक्षक म्हणून त्यांचा लौकिक झाला. प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन हे त्यांचे विद्यार्थी. सभोवतालचे वादक हिंदुस्थानी संगीताकडे केवळ चाल पुरविणारे संगीत म्हणून पाहत असताना गोन्साल्विस यांनी रागांचा अभ्यास मनापासून केला आणि रागाच्या चौकटीत बसेल अशी वाद्यवृंद-रचना लिहिण्याचा ध्यास घेतला. ‘सोनातिना इंडियाना’ आणि राग सारंगावरील कॉन्चेर्तो या त्यांच्या रचना.

१९५८ मध्ये त्यांनी ‘इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा’ उभा केला आणि मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या प्रांगणात त्याचा कार्यक्रम केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे हे त्यातील गायक होते. हा जॅझचा कार्यक्रम नव्हता. पण आपल्या विषयाशी त्याचा निकटचा संबंध आहे. स्टुडिओत भाड्याने वाजविणारे वादक प्रथमच निर्मात्याच्या मागणीशिवाय, स्वतःच्या संयोजकाने लिहिलेल्या रचना, लोकांसमोर, उघड्या चेहऱ्याने वाजवीत होते.

त्या संध्याकाळचे चित्र आणखी एका कारणासाठी लक्षणीय वाटते. मास्टर दीनानाथ मंगेशीचे, केसरबाई केरीच्या, मोगूबाई कुर्डीच्या. गोव्याच्या देवळांच्या परिसरात घडलेल्या या परंपरेला मराठी संगीतेतिहासाने आपली मानले आणि ते योग्यच झाले. पण त्याच गोव्यात, अवघ्या काही कोसांवर, चर्चच्या अंगणात जी परंपरा घडली तिला मात्र आपण आपल्या इतिहासात जागा दिली नाही. दीनानाथांची कन्या आणि माजोर्ड्याचा व्हायोलिनवादक १९५८ मध्ये एका मंचावर आले. मुंबईतील ध्वनिमुद्रणगृहात ते तर रोजच भेटत होते. आमच्या संगीतेतिहासाच्या पुस्तकांत त्यांची गाठ अद्याप पडावयाची आहे. भाषेचे कारण येथे पुढे केले जाते. हे वादक कोकणी, पोर्तुगीज व इंग्रजी बोलत, मराठी नव्हे. परंतु ज्यांची कर्मभूमी पन्नास वर्षे मुंबई होती, त्यांना महाराष्ट्राच्या इतिहासातून भाषेच्या आधारे वगळावयाचे, तर अन्य प्रांतांतून आलेल्या कितीतरी उस्तादांनाही वगळावे लागेल. त्यांच्या बाबतीत आपण तसे कधीही केले नाही.

गोन्साल्विस यांचा वाद्यवृंद टिकला नाही. एवढ्या वादकांच्या तालमींचा खर्च उचलणारा आश्रयदाता नव्हता आणि वादकांना दिवसाची पाळी बुडविणे परवडत नव्हते. १९६५ मध्ये ते अमेरिकेस गेले. परतल्यावर चित्रपटसृष्टीकडे न वळता माजोर्ड्यास जाऊन राहिले.

‘रागा-जॅझ स्टाईल’, १९६८

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात जगाचे लक्ष भारतीय संगीताकडे वळले. १९६६ मध्ये लंडनमध्ये जॉन मेयर आणि जमैकन सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांची ‘इंडो-जॅझ सूट’ ही ध्वनिमुद्रिका निघाली; पाच जॅझवादक आणि पाच भारतीय पद्धतीचे वादक असा तो दुहेरी पंचक होता. मेयर हे मूळ कलकत्त्याचे व्हायोलिनवादक, मुंबईच्या मेहली मेहता यांचे विद्यार्थी. जे मुंबईत घडणे अधिक स्वाभाविक होते ते लंडनमध्ये आधी घडले.

त्यानंतर दोन वर्षांनी ग्रामोफोन कंपनीने शंकर-जयकिशन यांची ‘रागा-जॅझ स्टाईल’ ही स्टीरिओ दीर्घमुद्रिका प्रसिद्ध केली. तीत अकरा रचना असून प्रत्येक रचना एकेका रागावर आधारलेली आहे. तोडी, भैरव, मालकंस, कलावती, तिलक कामोद, मियाँ मल्हार, बैरागी, जयजयवंती, मिश्र पिलू, शिवरंजनी आणि भैरवी असे हे राग. वादकांत सतारीवर उस्ताद रईस खाँ, सॅक्सोफोनवर मनोहारी सिंग, ट्रम्पेटवर जॉन परेरा, ड्रमवर लेस्ली गोदिन्हो, पियानोवर ल्युसिला पाशेको, गिटारवर अनिबल कॅस्ट्रो व दिलीप नाईक, बासवर एडी ट्रॅव्हास, बासरीवर सुमन आणि तबल्यावर रमाकांत यांची नावे येतात. चित्रपटगीतांच्या तबकड्यांवर वर्षानुवर्षे अनामिक राहिलेल्या माणसांची ही नावे आहेत. संगीतकार म्हणून मुखपृष्ठावर मान शंकर-जयकिशन यांचाच. तरीही वादकांची नावे येथे प्रकटली, ही बाब प्रस्तुत लेखकास या ध्वनिमुद्रिकेतील कोणत्याही सुरावटीइतकीच महत्त्वाची वाटते.

संगीतदृष्ट्या या प्रयोगाचे यश रागागणिक कमीअधिक आहे, आणि त्याचे कारण रागांच्या स्वरसंचातच सापडते. कलावतीत सा, ग, प, ध आणि कोमल नी एवढेच स्वर आहेत. पाश्चात्त्य परिभाषेत यातून आपोआप सप्तम कॉर्ड तयार होते, म्हणजे ब्लूजचा पायाच जणू हाती येतो. शिवरंजनीचे स्वर एकत्र वाजविले की कोमल गंधाराची, जॅझमध्ये नित्य वापरली जाणारी कॉर्ड मिळते. मालकंसाची गोष्ट वेगळी. त्याचे पाच स्वर ब्लूजच्या जवळचे भासतात, पण त्यात पंचम नसल्यामुळे षड्जाची नेहमीची कॉर्ड बांधताच रागाचा भंग होतो. तोडी तर या दृष्टीने सर्वांत कठीण. कोमल रे, ग, ध आणि तीव्र मध्यम यांच्या संगतीत पियानोवादकाने काहीही वाजविले तरी श्रुतींची ती विशिष्ट जागा समान अंतराच्या पट्ट्यांवर सापडत नाही. सतार मींडेने ती गाठते, पियानो शेजारी गप्प बसतो किंवा बसावयास हवा. याशिवाय एका तबकडीवर अकरा राग म्हणजे प्रत्येकास चार मिनिटांच्या आसपास अवधी. आलापास जागा नाही आणि जॅझमधील एकल वादनासही पुरेशी नाही. चित्रपटगीताच्या साडेतीन मिनिटांची सवय येथेही सुटलेली दिसत नाही. जॅझच्या निकषावर ही ध्वनिमुद्रिका काहीशी बांधलेली वाटते आणि रागसंगीताच्या निकषावर घाईची. असे असूनही सतार, सॅक्सोफोन व ट्रम्पेट यांचे परस्परांना दिलेले प्रतिसाद ऐकताना, ही माणसे फटीतून बाहेर येऊन वाजवीत आहेत, हे सतत जाणवते.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. येथे तंतुवाद्यांचा ताफा का नाही? एक कारण आर्थिक असावे असे अनुमान काढता येते. चित्रपटातील ताफ्याचा खर्च निर्माता उचलीत असे. त्याच्या अंदाजपत्रकात साठ व्हायोलिन हा प्रतिष्ठेचा विषय होता. चित्रपटबाह्य ध्वनिमुद्रिकेचा खर्च कंपनीच्या अंगावर, आणि अशा तबकडीचा ग्राहकवर्ग मूठभर. दहा वादकांचा चमू हा व्यवहार्य आकडा होता. दुसरे कारण सांगीतिक आहे व ते अधिक विचारणीय वाटते. मुंबईच्या तंतुवाद्यांची संपूर्ण भाषा पार्श्वगायनाभोवती घडली होती. गायकाने सोडलेली जागा भरणे हे त्यांचे काम. गायकच नसेल तर जागा कोणाची भरावयाची? पार्करच्या संयोजकांना हा प्रश्न पडला नाही, कारण त्यांच्यापाशी लोकप्रिय गीतांची सर्वज्ञात चौकट होती व श्रोता शब्दांविनाही ते गीत ओळखीत असे. ‘रागा-जॅझ स्टाईल’मध्ये रागाची चौकट आली, आणि राग हा स्वभावतःच मागे भरीव ताफा मागत नाही. ताफा वगळला गेल्यामुळेच राग श्वास घेऊ शकला, असेही म्हणता येईल. सेबास्टियन यांची लेखणी आणि मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन या दोहोंना समान स्वातंत्र्य देणारी रचना करण्यासाठी ना चित्रपटाची चौकट पुरेशी होती, ना रागाची. ती तिसरी चौकट घडविण्याची क्षमता ज्या गोन्साल्विस यांच्यापाशी होती, ते तोवर या व्यवहारातून बाहेर पडले होते.

त्यानंतर

पुढील काळाचा वृत्तान्त थोडक्यात सांगता येतो. चिक चॉकलेट १९६७ मध्येच निवर्तले होते. १९७१ मध्ये जयकिशन यांचे निधन झाले. १९७५ मध्ये सेबास्टियन डिसूझा निवृत्त होऊन गोव्यास परतले. १९७८ मध्ये निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने मुंबईत ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली आणि ब्राझ गोन्साल्विस, लुई बँक्स यांच्या पिढीला स्वतःच्या नावाने वाजविण्यासाठी मंच मिळाला. परंतु तोवर ध्वनिमुद्रणाचे तंत्र बदलू लागले होते. अनेक पट्ट्यांवरील मुद्रणामुळे सर्वांनी एकाच वेळी जमण्याची गरज उरली नाही. १९८० च्या दशकात सिंथेसायझर आला आणि त्यानंतरच्या काळात व्हायोलिनच्या रांगा स्टुडिओतून क्रमाक्रमाने नाहीशा झाल्या. ज्या कागदांवर ही गाणी लिहिली गेली, त्यांना मुद्रण संपल्यावर कोणी मोल दिले नाही. बंदिशींच्या वह्या आपण जिवापाड जपल्या. हे कागद मात्र रद्दीच्या मोलाचे ठरले.

दरम्यान १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ प्रदर्शित झाला. त्यातील एका पात्राचे नाव आणि त्या नावावरचे गाणे ही प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिन-गुरूला वाहिलेली मानवंदना होती. देशातील शेंबड्या पोरालाही ते नाव पाठ झाले. ज्याचे ते नाव, ते अँथनी गोन्साल्विस माजोर्ड्यास राहत होते. १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले, त्या दिवशी अनेक वृत्तपत्रांना आपल्या वाचकांना आधी हे सांगावे लागले, की या नावाचा माणूस खरोखर होता.